जीएम खाणं नको म्हणतो आपण, पण सरकीचं तेल कधीपासून खातोय?

जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्यापासून आलेलं अन्न, खायला चालतं का? पारावर, एसटी स्टँडवर, कृषी केंद्राच्या ओट्यावर हा प्रश्न टाकून पाहा. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं आहे. नको. कोणी म्हणतं कॅन्सर होतो, कोणी म्हणतं पोरंबाळं होत नाहीत, कोणी म्हणतं जनावरं दगावतात. पुरावा म्हणून मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ दाखवला जातो.

आणि यातलेच काही जण मे महिना लागला की 'त्या' थैलीच्या शोधात फिरतात. बिल नसलं तरी चालेल, कंपनीचं नाव नसलं तरी चालेल, तणनाशक मारल्यावर तण मेलं पाहिजे आणि पऱ्हाटी उभी राहिली पाहिजे. घरी म्हशीपुढे सरकीची ढेप असते. बाजारच्या दिवशी हॉटेलातली भजी कोणत्या तेलात तळली हे कोणी विचारत नाही.

याला दुटप्पीपणा म्हणून मोकळं होता येतं. पण ते बरोबर नाही. पेरणीच्या वेळी माणूस निंदणाची मजुरी मोजत असतो, जेवताना लेकराचं पोट. दोन हिशेब वेगळे आहेत. अडचण ही आहे की या दोन्ही हिशेबांत त्याला पूर्ण माहिती कोणीच दिलेली नाही. आणि निर्णय मात्र दिल्लीत त्याच्या नावाने होणार आहेत: जीएम मोहरीचं काय करायचं, अमेरिकेचा मका आणि सोयाबीन येऊ द्यायचं का, तणनाशकाला दाद न देणाऱ्या कापसाला परवानगी द्यायची का.

लोक काय म्हणतात

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये २० देशांत पाहणी केली होती. जीएम अन्न खायला सुरक्षित वाटतं का, असा साधा प्रश्न होता. भारतात ५८ टक्के लोकांनी असुरक्षित असं सांगितलं. रशियात हे प्रमाण ७० टक्के, इटलीत ६२ टक्के होतं. वीस देशांचा मध्य काढला तर ४८ टक्के लोक असुरक्षित म्हणतात, फक्त १३ टक्के सुरक्षित म्हणतात आणि ३७ टक्के लोक म्हणतात आम्हाला यातलं पुरेसं माहीत नाही. ही शेवटची माणसं खरी प्रामाणिक म्हणायची.

याच संस्थेने २०१५ मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञ आणि सामान्य लोक यांची मतं शेजारी शेजारी ठेवली होती. शास्त्रज्ञांपैकी ८८ टक्के म्हणाले जीएम अन्न सुरक्षित आहे. सामान्य लोकांत तसं म्हणणारे ३७ टक्के. म्हणजे गाव आणि शास्त्रज्ञ यांच्यातली दरी ही काही आपल्या अडाणीपणामुळे पडलेली नाही. शिकल्यासवरल्या देशातही ती आहेच.

आपल्याकडे मात्र त्यात आणखी एक घोळ आहे. गावात जीएम कशाला म्हणतात याचाच पत्ता नसतो. बिनबियांचं टरबूज जीएम, बिनबियांची द्राक्षं जीएम, अकोट-तेल्हाऱ्याकडची टिश्यू कल्चरची केळी जीएम, महिनाभर न सडणारा टमाटा जीएम, असं सर्रास बोललं जातं. यातलं एकही जीएम नाही. टिश्यू कल्चर म्हणजे एका झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत तशीच हजारो रोपं करणं, त्यात बाहेरचं जनुक घालत नाहीत. संकरित म्हणजे दोन वाणांचा संकर. भारतात कायद्याने शेतकऱ्याला लावायची पूर्ण परवानगी मिळालेलं जीएम पीक आजवर एकच आहे, बीटी कापूस. जीएम भाजीला आणि जीएम फळाला परवानगी नाही. अशक्त पोराला 'बॉयलर' म्हणायची जशी सवय लागली, तसंच जे नवीन आणि बेचव ते सगळं 'बीटी' असं होऊन बसलं आहे.

ताटात आधीच काय आहे

बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. आज देशातल्या कापसाखालच्या ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटीच आहे. कापूस हे धाग्याचं पीक म्हणून परवानगी मिळाली, सगळी चर्चा बोंडअळीची झाली. पण जिनिंगमध्ये रुई वेगळी झाल्यावर सरकी उरते. सरकीचं तेल निघतं, तेल काढल्यावर ढेप निघते. देशात दरवर्षी १० लाख टनांहून जास्त सरकी तेल तयार होतं. ते फरसाणात जातं, वनस्पती तुपात जातं, हॉटेलात जातं, दुसऱ्या तेलात मिसळून पाकिटात जातं. गुजरातेत तर कपासिया तेल म्हणून डब्याने विकतात. ढेप गाई-म्हशी खातात आणि दूध आपण पितो.

दुसरी वाट सोयाबीन तेलाची. आपला सोयाबीन जीएम नाही. पण देशाला तेल पुरत नाही म्हणून दरवर्षी ३० लाख टनांहून जास्त सोयाबीन तेल बाहेरून येतं, त्यातलं बरंचसं अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. तिथला जवळपास सगळा सोयाबीन जीएम आहे. हे तेल आणायला पर्यावरण मंत्रालयाच्या जनुकीय समितीने २००७ मध्येच हिरवा कंदील दिला.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१८ मध्ये बाजारातले ६५ खाद्यपदार्थ तपासले. २१ मध्ये जीएमचा अंश सापडला. त्यातले बहुतेक बाहेरून आलेले होते. देशात बनलेल्यांपैकी जे सापडले, ती सरकीची तेलं होती.

म्हणजे 'जीएम येऊ द्यायचं का' हा प्रश्न ताटापुरता तरी वीस वर्षं उशिरा विचारला जातोय.

आता यावरून काही जण लगेच उलटं टोक गाठतात. वीस वर्षं खातोय, कोणाला काही झालं नाही, म्हणजे सगळं जीएम सुरक्षित! हेही कच्चं बोलणं आहे. बाहेरून घातलेल्या जनुकामुळे झाडात जे नवीन प्रथिन तयार होतं, ते शुद्ध केलेल्या तेलात जवळपास शिल्लक राहत नाही. वांग्याचं तसं नाही. वांगं म्हणजे गर, साल, बी सगळं पोटात जातं. तेलाचा दाखला वांग्याला लागू होत नाही. आणि 'कोणाला काही झालं नाही' असं म्हणायला कोणी तरी नोंद ठेवलेली असावी लागते. सरकी तेल खाणाऱ्या गावाची अशी नोंद ठेवायची म्हणून कोणी आरोग्य केंद्रात विचारलेलं नाही.

सात शहरांतल्या सुनावण्या

या विषयावर लोकांना एकदाच खऱ्या अर्थाने विचारलं गेलं. ऑक्टोबर २००९ मध्ये जनुकीय समितीने बीटी वांग्याला मंजुरी दिली. वांगं आपल्याच जालन्याच्या महिको कंपनीचं. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला ते दाद देत नाही, असा दावा. देशभर ओरड झाली. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मंजुरी बाजूला ठेवून २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यात नागपूर होतं. सगळीकडे मिळून सुमारे आठ हजार लोक आले. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक संघटना, कंपनीवाले, सेंद्रिय शेतीवाले. बीटी कापसाने फवारे वाचले म्हणून बाजूने बोलणारे शेतकरी होते, आणि बियाणं कंपनीच्या हातात जाईल म्हणून विरोधात बोलणारेही होते.

९ फेब्रुवारी २०१० ला मंत्र्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. कारण नीट समजून घ्यायला हवं. वांगं विषारी आहे असं त्यांनी म्हटलं नव्हतं. शास्त्रज्ञांत एकमत नाही, चाचण्या कंपनीव्यतिरिक्त स्वतंत्रपणे झालेल्या नाहीत, राज्यांचा विरोध आहे आणि एवढी घाई करण्यासारखं काही नाही, असं ते म्हणणं होतं. स्थगिती आजही कायम आहे.

लोकांचा विश्वास का बसला नाही, याचं उत्तर त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत आहे. वांग्याच्या सुरक्षिततेच्या चाचण्यांचे कागद सरकारने आपणहून लोकांपुढे ठेवले नाहीत. ते माहिती अधिकारात मागावे लागले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, तेव्हा २००८ मध्ये ते उघड झाले. गावात सोसायटीचा सचिव वही दाखवत नसेल तर लोक काय समजतात? वहीत घोटाळा असेलच असं नाही, पण लोक तेच समजतात.

बांगलादेशाने मात्र हेच बीटी वांगं ऑक्टोबर २०१३ मध्ये मंजूर केलं आणि २०१४ मध्ये २० शेतकऱ्यांपासून लागवड सुरू केली. तिथे आता ते बाजारात विकलं जातं. आपल्याकडे २०१९ मध्ये हरियाणाच्या फतेहाबाद जिल्ह्यात चोरून लावलेलं बीटी वांगं सापडलं. स्थगिती कागदावर राहिली आणि बी कुंपणाखालून आत आलं.

वांग्याचं आणखी एक बोललं पाहिजे. बीटी वांग्याला घाबरणारे आपण बाजारातून जे वांगं आणतो, त्यावर काय काय मारलेलं असतं हे पिकवणाऱ्याला चांगलं माहीत आहे. पोखरणारी अळी आत शिरली की औषध पोचत नाही, म्हणून आधीच मारत राहावं लागतं. औषधाच्या डब्यावर फवारणी आणि तोडणी यात किती दिवस जाऊ द्यायचे ते लिहिलेलं असतं. आठवडी बाजार त्या दिवसांसाठी थांबत नाही. घरच्यासाठी दोन ओळी बिनफवारणीच्या वेगळ्या ठेवणारे शेतकरी प्रत्येक गावात आहेत. त्यामागे काय आहे ते वेगळं सांगायला नको.

शास्त्र काय सांगतं

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस. मातीत सापडणारा जीवाणू. त्याच्यातलं एक जनुक कापसात घातलं की झाडात एक प्रथिन तयार होतं. अळीने पान किंवा बोंड खाल्लं की ते प्रथिन तिच्या आतड्यात सुटं होतं, आतड्याच्या भिंतीला चिकटतं, भोकं पाडतं आणि अळी मरते. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं आणि त्या प्रथिनाला चिकटायला तिथे जागा असते. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि तशी जागा नसते. त्यामुळे अळी मेली म्हणजे माणूसही मरेल, हे गणित बसत नाही. हाच जीवाणू पावडर करून सेंद्रिय शेतीतही फवारतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास तपासून मोठा अहवाल दिला. बाजारात असलेल्या जीएम पिकांपासूनच्या अन्नाने माणसाच्या तब्येतीला साध्या पिकांपेक्षा जास्त धोका असल्याचा ठोस पुरावा सापडला नाही, असा त्याचा निष्कर्ष. मोबाइलवर उंदरांच्या अंगावर मोठमोठ्या गाठी आलेले जे फोटो फिरतात, ते फ्रान्समधल्या २०१२ च्या एका अभ्यासातले आहेत. वापरलेले उंदीर कमी होते आणि त्या जातीला वय वाढलं की गाठी येतातच, अशी टीका झाली. ज्या मासिकाने तो छापला त्यानेच २०१३ मध्ये तो मागे घेतला. फोटो मात्र अजून फिरतोय. २००६ मध्ये वरंगळकडे बीटी कापसात चरून मेंढ्या मेल्या अशी बातमी होती, तीही आपल्याकडे अजून सांगतात. जनुकीय समितीने तो दावा मान्य केला नाही.

पण एक अट लक्षात ठेवायची. 'बाजारात असलेली जीएम पिकं' सुरक्षित आढळली, याचा अर्थ पुढे येणारं प्रत्येक जीएम पीक डोळे मिटून सुरक्षित असा होत नाही. प्रत्येक पिकात घातलेलं जनुक वेगळं, म्हणून प्रत्येकाची चाचणी वेगळी. हे जीएमच्या बाजूचे शास्त्रज्ञही मान्य करतात. चाचणी कोण करणार आणि कागद कोण पाहणार, एवढाच तर झगडा आहे.

गावाचा अविश्वास हवेतून आलेला नाही

२००२ मध्ये सांगितलं गेलं, फवारे कमी होतील. झालेही. पहिली काही वर्षं हिरव्या बोंडअळीचा त्रास खरोखर गेला, उत्पन्न वाढलं. मग २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी-२ आलं. २०१० च्या सुमारास गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देईना. २०१७ मध्ये विदर्भात बीटी-२ च्या बोंडांतही गुलाबी अळी भरलेली होती. सोबतच्या पाकिटातली बिगरबीटी सरकी बांधावर लावा, असं सांगितलं होतं, म्हणजे अळीची सवय लवकर मोडणार नाही. बहुतेकांनी ती लावली नाही. हा भाग शेतकऱ्यांच्या पदरातही टाकावा लागेल.

त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. ज्या पिकाने फवारे वाचणार होते, त्याच पिकात फवारताना माणसं मेली. त्याआधी २०१२ मध्ये संसदेच्या कृषी समितीने, बासुदेव आचार्य अध्यक्ष असताना, यवतमाळच्या गावांत येऊन लोकांना ऐकलं होतं. समितीत सगळ्या पक्षांचे खासदार होते. जीएम अन्नपिकांच्या शेतातल्या चाचण्या थांबवा, असं तिने एकमताने सांगितलं.

तर मग 'हे सुरक्षित आहे' असं तेच खातं पुन्हा सांगायला येतं तेव्हा गाव मान हलवतं आणि विश्वास ठेवत नाही. गावाने जनुकाचा अभ्यास केलेला नाही. पण सांगणाऱ्याचा केलेला आहे.

भीती ताटात, धोका टाकीत

एचटीबीटी, आपल्याकडची 'चोर बीटी', हे सगळ्यात अवघड प्रकरण आहे. या कापसात ग्लायफोसेट या तणनाशकाला तोंड देणारं जनुक आहे. शेतात मारलं की तण मरतं, पऱ्हाटी राहते. परवानगी नाही, तरी दरवर्षी येते. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरमध्ये शेतकरी संघटनेने जाहीरपणे ती पेरली, बीटी वांग्याचीही लागवड केली. तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवं, ही मागणी. शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. त्या वेळच्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होता.

मागणीमागचं कारण खरं आहे. पाऊस लागून राहिला की डवरणी होत नाही, निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. पण त्याच निंदणावर गावातल्या भूमिहीन बायांचा खरिपातला रोजगार उभा आहे. तणनाशकाच्या एका टाकीने शेतकऱ्याची मजुरी वाचते आणि तेवढीच कोणाची तरी बुडते. जीएमवर 'जनमत' म्हणून जे धरलं जातं त्यात या बायांना कोणी विचारल्याचं दिसत नाही.

खाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर चोर बीटीचा प्रश्न जनुकापेक्षा तणनाशकाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'माणसात कर्करोगाला बहुधा कारण' अशा गटात टाकलं. अमेरिकेची आणि युरोपची नियामक खाती म्हणतात, तसा धोका दिसत नाही. वाद मिटलेला नाही. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रणाचा परवाना असलेल्यांनीच वापरावं, असा आदेश काढला. गावात तो परवाना कोणाकडे आहे? पाठीवर पंप, अंगात बनियान, तोंडाला कधी दुपट्टा तर कधी तोही नाही, अशी फवारणी चालू आहे.

आणि या सरकीचं पुढे काय होतं? ती वेगळी जात नाही. जिनिंगमध्ये परवानगीच्या बीटीची आणि चोर बीटीची सरकी एकाच ढिगात पडते, एकाच घाण्याला जाते. कागदावर चोर बीटी अस्तित्वातच नाही. मग तिच्या सरकीत, ढेपेत तणनाशकाचा अंश किती उरतो, हे तपासायचा विषय सरकारी फायलीत कसा येणार? बंदी आहे म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून कोणाला काळजी नाही. सुरक्षित की असुरक्षित या भांडणात जिथे खरोखर लक्ष द्यायला हवं, ती जागा ही आहे.

'जनावरापुरतं' आणि 'माणसापुरतं' असं वेगळं ठेवता येतं का, याचा धडा अमेरिकेने २००० मध्ये घेतला. स्टारलिंक नावाच्या जीएम मक्याला तिथे फक्त पशुखाद्यासाठी परवानगी होती, माणसाला ॲलर्जी होईल का ही शंका मिटली नव्हती म्हणून. तो दुकानातल्या खाद्यपदार्थांत सापडला आणि माल परत घ्यावा लागला. पुढे लोकांच्या रक्ततपासणीत ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही, ते वेगळं. पण धान्य वेगळं ठेवणं जमलं नाही, आणि तेही अमेरिकेसारख्या ठिकाणी. आपल्या अडत्याच्या गोदामात काय होईल!

तब्येतीच्या नावाखाली भाव

ऑगस्ट २०२१ आठवत असेल. सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. कोंबडीपालनवाल्यांना खाद्य महाग झालं म्हणून केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. पेंडेत जिवंत बी नसतं, म्हणून हरकत नाही, असा तर्क. नवीन माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. भाव पडायला नवीन हंगामही कारण होताच. पण ज्या सरकारने वर्षभरापूर्वी, ऑगस्ट २०२० मध्ये, २४ अन्नपिकांच्या आयातीला 'जीएम नाही' असं प्रमाणपत्र सक्तीचं केलं होतं, त्याच सरकारने भाव चढल्यावर दार उघडलं, हे शेतकऱ्याने पाहिलं.

२०२५ मध्ये अमेरिकेशी व्यापाराची बोलणी सुरू झाली तेव्हा पुन्हा तोच विषय आला. अमेरिकेतला ९० टक्क्यांहून जास्त मका आणि सोयाबीन जीएम आहे, आणि त्यांना इथे बाजार हवा आहे. त्या वेळी 'जीएम आरोग्याला घातक' असं जोरात बोललं गेलं. बोलणाऱ्यांपैकी कित्येकांची खरी काळजी भावाची होती, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या सोयापेंडेला परदेशात जो थोडा जास्त भाव मिळतो, तो ती जीएम नाही म्हणूनच मिळतो. भेसळ झाली की ती ओळख जाईल. हे सरळ सांगितलं तर मुद्दा मजबूत राहतो. कॅन्सरचं नाव पुढे केलं तर समोरचा २०१६ चा अहवाल टेबलावर ठेवतो आणि आपलं भावाचं खरं दुखणं मागे पडतं.

आता पुढे काय ठरायचं आहे

जीएम मोहरीला, डीएमएच-११ ला, ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अटींसह मान्यता दिली. २३ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. न्या. नागरत्ना यांनी मान्यता रद्द ठरवली, न्या. संजय करोल यांनी कायम ठेवली. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं: केंद्राने जीएम पिकांसाठी राष्ट्रीय धोरण करावं आणि ते करताना राज्यं, शेतकरी, तज्ज्ञ अशा सगळ्यांशी बोलावं.

दुसरी गोष्ट लेबलची. पाकीटबंद मालात जीएम असेल तर पाकिटावर 'जीएम' लिहायचं, असा वजनमाप खात्याचा नियम १ जानेवारी २०१३ पासून आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये वेगळा मसुदा काढला, त्यात एक टक्का किंवा त्याहून जास्त जीएम घटक असेल तर तसं छापायचं म्हटलं आहे. घरातलं तेलाचं पाकीट हातात घेऊन हा शब्द शोधून पाहा. सहसा सापडत नाही.

धोरणावर बोलायची वेळ येईल तेव्हा जिल्ह्यातून काय मागायचं, हे आधी ठरलेलं बरं. सरकी तेलाच्या आणि ढेपेच्या नमुन्यांत तणनाशकाचा अंश किती, याची दरवर्षी तपासणी आणि निकाल तालुका कृषी कार्यालयाच्या फळ्यावर. नव्या पिकाच्या चाचण्या कंपनीच्या पैशावर नकोत, कृषी विद्यापीठात हव्यात, आणि कागद मराठीतून. पाकिटावर नाव हवं, म्हणजे ज्याला खायचं नाही तो खाणार नाही. चोर बीटीचं एकदाचं काय ते ठरवा, परवानगी द्या नाही तर येणं थांबवा. सुनावणी झालीच तर ती नागपूर-मुंबईत न होता तालुक्याला हवी, आणि निंदायला जाणाऱ्या बायांची त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही अशा वेळेला.

तोवर यंदाच्या हंगामापुरतं एवढंच: बिल आणि लॉट नंबर नसलेली थैली उगवली नाही तर तक्रार कोणाकडेही करता येत नाही, आणि तणनाशक मारायचंच असेल तर हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क आणि वाऱ्याकडे पाठ. रिकामा डबा विहिरीवर धुऊन घरात पाण्याला वापरू नका.